कौतुक पुरे, ज्वारी द्या

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांतल्या तापमानाच्या रकान्यात जेऊर दिसायला लागतं. अकोला, चंद्रपूर, जळगाव, मालेगाव, सोलापूर, आणि त्यांच्याच रांगेत आमचं करमाळा तालुक्यातलं गाव. ४२, ४३, कधी त्याहूनही वर. उरलेल्या महाराष्ट्राला जेऊर ठाऊक आहे ते नागराज मंजुळेंचं गाव म्हणून आणि या पाऱ्यामुळे. दौंडहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी पारेवाडी, वाशिंबे मागे टाकून जेऊरला पोचला की खिडकी वर करतो, तोंडावर झळ आली की पुन्हा लावून घेतो. आम्ही त्या झळीत राहतो, राबतो आणि जेवतो. काय जेवतो, यावर मला आज बोलायचं आहे, आणि रागानेच बोलायचं आहे.

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांमधून आहाराचे सल्ले सुरू होतात. हलकं खा, घरचं खा, ताक प्या, आंबील प्या, भाकरी खा. सल्ला पूर्ण खरा आहे. मी हेच जेवत वाढले, आजही जेवते, आणि या उन्हात माणसाला उभं ठेवणारं दुसरं जेवण मला माहीत नाही. माझं भांडण सल्ला देणाऱ्यांशी आहे. ज्वारी कुठून येणार, ताकाला दूध कुठून उरणार, आणि ४३ अंशांत तव्यापुढे कोण बसणार, यातला एकही प्रश्न ते विचारत नाहीत. साधं जेवण म्हणजे मनावर घेतलं की होणारी गोष्ट, असं धरून चालतात. जेऊरमध्ये ते तसं राहिलेलं नाही. ते आमच्या ताटातून काढून घेतलं गेलं आहे. कोणी काढलं, ते सांगते.

आधी हे जेवण काय आहे ते नीट सांगायला हवं, कारण ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते गरिबाचं उपाशी जेवण वाटतं. वैशाखात आमच्याकडे चूल पेटते ती झुंजुमुंजू व्हायच्या आत. काठवटीत ज्वारीचं पीठ, त्यात आधणाचं पाणी, आणि तळहाताने रगडून रगडून मऊ केलेला गोळा. पीठ ताजंच लागतं. गिरणीतून आणून बरेच दिवस झाले की त्याची विरी जाते, थापताना भाकरीच्या कडा फाटतात, तव्यावर टाकायला उचलली की हातात तुकडे येतात. म्हणून जाणती बाई दळण थोडं थोडं नेते. दिवसभराच्या भाकरी एकदाच होतात. त्यातल्या काही चुलीच्या कडेला, निखाऱ्याच्या धगीवर उभ्या करून कडक करतात. ओलावा उडालेली ही भाकर उन्हाळ्यात बुरसत नाही, रानात नेता येते, प्रवासात टिकते, ताकात मोडली की पुन्हा मऊ होते. सोलापूरची कडक भाकरी म्हणून आज पाकिटांतून विकतात ती हीच. उन्हाळ्यात दुपारी चूल पेटवायला लागू नये म्हणून बायकांनी काढलेली ही युक्ती आहे.

आंबील रात्रीच भिजते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात झाकून ठेवायचं, सकाळपर्यंत ते आंबतं, मग उकळत्या पाण्यात हळूहळू वैरायचं, ढवळत राहायचं, मीठ आणि ठेचलेला लसूण टाकायचा, जिरं असलं तर जिरं. शिजली की उतरवून गार करायची आणि पिताना त्यात आणखी ताक. रानात जाणारा माणूस सकाळी तांब्याभर आंबील पिऊन निघाला की दुपारच्या भाकरीपर्यंत त्याला भुकेची आठवण होत नाही. दुपारी पितळीत भाकर कुस्करायची, वरून ताक, बुक्कीने फोडलेला कांदा आणि शेंगाची चटणी. सोबत कैरीची फोड असली तर वेगळं कोरड्यास कोणी मागत नाही. थंडीत खुडून वाळवलेली हरभऱ्याची भाजी या दिवसांत डब्यातून बाहेर निघते. पाटाच्या कडेला घोळ मिळते. मटकीला या उकाड्यात एका रात्रीत मोड येतात. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर खातात, त्या म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांनाही चालतात. हुलगा मात्र बरणीत राहतो. माडगं आणि शेंगोळे पावसाळ्या-हिवाळ्याचे. माझ्या सासूबाई चैत्रापासून मृग लागेपर्यंत हुलग्याला हात लावू देत नसत. करमाळा-माढ्याकडची बाजार आमटी आमच्या जिवाभावाची, पण तिच्यावरचा तो लालभडक तवंग मे महिन्याच्या दुपारी कोणी शहाणं माणूस ताटात घेत नाही.

यात भाबडेपणा नाही. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, ताक आणि आंबील तेच परत देतात. भरपेट, तेलकट, जड जेवण पचवताना शरीर स्वतःच उष्णता तयार करतं, आणि बाहेर ४३ अंश असताना ती जास्तीची उष्णता टाकायला जागा नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ज्वारीच्या १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू दिलेले आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू ३ ग्रॅमही भरत नाहीत. धान्य आंबवलं की त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलेलं आहे. त्याच बायकांच्या घरातून आंबीलीचं मडकं उठलं आहे. आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकते: उन्हाने माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याला दवाखान्यात न्यायचं. अशा वेळी कांदा आणि आंबीलीचे प्रयोग करत बसणारा माणूस त्याचा जीव घेतो.

आता ज्वारी. ज्या जिल्ह्याने देशाला मालदांडी दिली तो हा आमचा सोलापूर जिल्हा. मोहोळच्या संशोधन केंद्रात मूळच्या मालदांडीतून निवडून काढलेलं ३५-१ हे वाण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आलं, आणि रब्बीच्या ज्वारीत आजही चवीला आणि भाकरीला त्याचाच मान आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात पेरतात. परतीच्या पावसाने जमिनीत धरलेल्या ओलीवर ते वाढतं, पाटाचं पाणी मागत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चला कणीस हातात देतं. दाणा माणसाला, कडबा जनावराला. ज्वारी गेली की भाकर जाते, कडबा जातो, कडब्यामागून गोठ्यातली म्हैस जाते आणि म्हशीमागून ताक. पुरवणीतल्या सल्ल्यात भाकरी आणि ताक वेगवेगळ्या ओळींत असतात. आमच्या रानात ती दोन्ही एकाच ताटाची आहेत.

१९८० साली उजनी धरण पुरं झालं, ११७ टीएमसी साठ्याचं. भीमेचं फुगलेलं पाणी करमाळा तालुक्याच्या दारात आलं. काठावरची गावं उठली, काळी रानं पाण्याखाली गेली, आणि उरलेल्या रानांत आधी ऊस आणि मग केळी आली. कंदर भागातली केळी आज आखाती देशांत जातात, याचा मला अभिमान आहे. या पाण्याने घरांवर स्लॅब पडले, पोरी कॉलेजात गेल्या. शेतकऱ्याने ज्वारी सोडली म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्याला मी माझ्या उंबऱ्याशी उभं करणार नाही. त्याने हिशेब केला, आणि हिशेब त्याच्यापुढे ठेवला दिल्ली-मुंबईने.

तो हिशेब बघा. उसाला कायद्याने बांधलेला दर आहे: २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३५५० रुपये. दराला उशीर होतो, आंदोलनं होतात, पण दर नावाची एक गोष्ट कागदावर असते आणि तिच्यासाठी भांडता येतं. त्याच वर्षी ज्वारीची हमी किंमत अशी: संकरित ज्वारी क्विंटलला ३६९९ रुपये, मालदांडी ३७४९ रुपये. फरक ५० रुपयांचा. आदल्या वर्षीही ३३७१ आणि ३४२१, म्हणजे पुन्हा ५० रुपयेच. आणि हे दर जाहीर होतात खरिपाच्या पिकांच्या यादीत, मालदांडी पिकते रब्बीत! ज्यांना मालदांडी कधी पेरतात हेही यादीत नीट मांडावंसं वाटलं नाही, त्यांनी आम्हाला भरडधान्याचं महत्त्व सांगू नये.

ज्यांनी ती ५० रुपयांची रेघ ओढली त्यांनी एकदा आमच्या रानात ज्वारी काढायला यावं. रब्बीची ज्वारी आमच्याकडे हाताने उपटतात. मार्चच्या उन्हात कमरेत वाकून, ताट दोन्ही हातांनी धरून, मुळासकट. तळहाताला फोड येतात, कूस अंगाला लागून रात्रभर खाज उठते. पाखरं राखायला माणूस मिळत नाही, काढणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी देऊन हातात काही उरत नाही. ऊस तोडायला कारखान्याची टोळी येते. ज्वारीला कोणाची टोळी येत नाही. छोट्या शेतकऱ्याला परवडेल असं, रब्बीच्या उंच ज्वारीला चालणारं काढणीचं यंत्र बांधाबांधावर पोचवणं ही काही चंद्रावर जाण्याएवढी अवघड गोष्ट नव्हती. कोणाला ते करावंसं वाटलं नाही, एवढंच.

२०२३ च्या पावसाने दगा दिला, करमाळा दुष्काळी तालुक्यांच्या यादीत गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरला. वापरायचं पाणी संपून धरणाच्या तळातलं मृत साठ्याचं पाणी उपसलं जात होतं. काठावरचा माणूस पाइप वाढवत वाढवत पाण्यामागे धावत होता. ज्या तालुक्याला दर काही वर्षांनी हे दिवस येतात, त्या तालुक्यात सर्वांत कमी पाण्यावर येणारं अन्न रानातून हद्दपार करणं हे धोरण म्हणायच्या लायकीचं नाही.

मग रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन ओळी होत्या: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया किलो. २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. तिसरी ओळ मात्र आमच्या बाजूला जवळजवळ कागदावरच राहिली. रेशनच्या दुकानातून येतो तो गहू आणि तांदूळ. ज्वारी आली तर अधूनमधून, आणि ती भाकरीच्या चवीची असेलच असं नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला चांगली ज्वारी किराणा दुकानातून घ्यायची झाली तर ती गव्हाहून महाग पडते. तिच्या घरात मग सकाळी चपाती, रात्री भात, आणि मधे पोरांच्या हातात पुडी. तिला कोणी आहाराचं ज्ञान शिकवू नये. तिला सगळं माहीत आहे. तिच्याकडे ज्वारी नाही.

१९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांनी अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला. तीही ज्वारीच, पण त्याची भाकर घशाखाली उतरत नसे, असं ती पिढी अजून सांगते. सातासमुद्रापलीकडून ज्वारी आणून करमाळ्यात वाटता येत होती. मोहोळ आणि जेऊर तर एकाच रेल्वेमार्गावरची स्टेशनं आहेत. मोहोळ, मंगळवेढ्याकडची ज्वारी हमी दराने विकत घेऊन जेऊरच्या रेशन दुकानात ठेवता येत नाही, असं मला कोणत्याही सरकारचा कोणताही माणूस पटवू शकणार नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. त्याआधीच, २०२२ च्या डिसेंबरात, संसदेत खासदारांना भरडधान्याचं जेवण वाढण्यात आलं. छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटं आली, ज्वारीचे पोहे आले, चकचकीत डब्यात ज्वारीचं पीठ आलं. जिने ती ज्वारी उपटली तिच्या ताटात त्या वर्षाने एक भाकर वाढवली नाही.

दुधाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती प्रत्येक गोठेवाल्याला ठाऊक आहे. सकाळ-संध्याकाळ किटली संकलन केंद्रावर जाते. फॅट लागतं, एसएनएफ लागतं, दहा दिवसांनी पैसे येतात, आणि त्या पैशावर घर चालतं. तो पैसा तरी पुरतो का? २०२४ साली गाईच्या दुधाचे दर इतके पडले की राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. अशा भावात विरजणाला लिटरभर दूध मागे ठेवायची हिंमत घरची बाई करत नाही. रवी खुंटीला टांगलेली राहते. ज्या घरात जनावरं आहेत त्या घरात दुपारी दुकानातून ताकाची पिशवी येते. यावर मला हसू येत नाही, संताप येतो.

आता दुकानातल्या थंड्याकडे. उन्हाळ्यात पाहुणा आला की पोराला पिटाळायचं, बाटली आणायची, पेले भरायचे. दारात माठ भरलेला, घरात कैऱ्या पडलेल्या, तरी पन्हं पुढे करायला लाज वाटते. "बया, पाव्हण्याला ताक कसं द्यावं?" हा प्रश्न मी माझ्याच भावकीत ऐकला आहे. अशा एका साध्या २५० मिलीलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की मोठ्या माणसाने दिवसाकाठी वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. म्हणजे पाहुण्याचा दिवसभराचा वाटा आपण एका पेल्यात संपवतो, तोही त्याची तहान न भागवता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. तो रोग आता शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचा राहिलेला नाही. आमच्या आळीत इन्सुलिनची पेन फ्रिजच्या दारात ठेवणारी घरं आहेत, आणि त्याच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ती दोन लिटरची बाटली असते.

याहून वाईट प्रकार ओआरएसच्या नावाखाली चालला होता. जुलाबाने आणि उन्हाने कोमेजलेल्या लेकरासाठी आईने दुकानात ओआरएस मागायचं, आणि तिच्या हातात साखरेच्या पाण्याचा रंगीत डबा पडायचा, त्यावर तीच तीन अक्षरं छापलेली. खऱ्या ओआरएसचं सूत्र ठरलेलं आहे: लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, २.९ ग्रॅम सायट्रेट. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतो. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी, डॉ. शिवरंजनी संतोष यांनी, वर्षानुवर्षं झगडा केला, तेव्हा कुठे २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव अशा पेयांवर छापायला मनाई केली. तोवर किती उन्हाळे गेले! त्या उन्हाळ्यांत लेकरांच्या घशात काय ओतलं गेलं, याचा जाब कोणी द्यायचा?

लग्नांवर बोलले नाही तर माझं बोलणं अर्धं राहील. आमच्याकडे लग्नं चैत्र-वैशाखात, मुहूर्त भर दुपारचा, मांडव कापडाचा, पंखे गरम वारा मारणारे. पूर्वी पंगतीला गव्हाची खीर किंवा लापशी, वांग्याची भाजी, भात-आमटी आणि शेवटी मठ्ठा असायचा. आता टेबलं लागतात. पनीरची तेलावर तरंगणारी भाजी, मैद्याच्या रोट्या, तळलेले मंचुरियनचे गोळे, दोन प्रकारची मिठाई, कडेला बर्फाचा गोळा. मागच्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात म्हाताऱ्या-कोताऱ्यांना चक्कर येऊन सावलीला झोपवावं लागलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्धा गाव पोट धरून बसला. मुलीच्या बापाने या जेवणासाठी कर्ज काढलेलं होतं. कर्ज काढून पाहुण्यांना आजारी पाडण्याला प्रतिष्ठा म्हणतात हे मला मान्य नाही, आणि जो सोयरा मठ्ठ्याच्या पंगतीला नाक मुरडतो तो सोयरिकीच्या लायकीचा नाही. हे मी लग्नघरात तोंडावर बोलते, म्हणून मला हल्ली मान देऊन लांब बसवतात.

एवढं बोलून झाल्यावर आता चुलीकडे वळते, कारण घरच्या जेवणाचे सगळ्यात मोठे भक्त इथेच गप्प होतात. सोलापूर रस्त्याला जागोजागी पाट्या आहेत: चुलीवरची भाकरी. गाड्या थांबतात, लोक बोटं चाटत जेवतात, आतल्या बाईला मजुरी मिळते. घरातल्या बाईला काय मिळतं? पत्र्याचं छप्पर, ४३ अंशांचं ऊन, खाली जाळ, डोळ्यांत धूर, आणि वर हुकूम, की भाकर तव्यावरचीच पाहिजे, गरम पाहिजे, सकाळी आणि संध्याकाळीही. २०१६ पासून उज्ज्वलाची गॅसची टाकी गावात आली, पण टाकी भरायचे पैसे नसले की तुराट्या आणि बाभळीचं जळण पुन्हा घरात येतं. आमच्या आळीतल्या एक आत्या म्हणतात, "भाकर काय सोपी हाय व्हय? तवा तापतोय, डोस्कं तापतंय, आन् खाणारा म्हणतोय फुगली न्हाई." त्या आत्यांना घरच्या साध्या जेवणावरचा लेख वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

ज्या पुरुषाला उन्हाळ्यात भाकर हवी त्याने एक तर पहाटेची कडक भाकर दुपारी ताकात मोडून गपगुमान खावी, नाहीतर काठवट पुढे ओढावी. भाकर थापायला मनगट लागतं, ते त्याला आहे. कुस्तीच्या आखाड्यात शड्डू ठोकणाऱ्या पोरांना पीठ मळता येत नाही हे मला ऐकायचं नाही. मी माझ्या मुलाला शिकवलं. त्याच्या पहिल्या भाकरी नकाशासारख्या झाल्या, आता गोल होतात. बाईच्या घामावर उभं राहिलेलं जेवण तिच्यासाठी आरोग्याचं नसतं, आणि जे जेवण बनवणाऱ्यालाच उष्माघात करतं त्याला सात्विक म्हणून मिरवू नका.

आणखी एका माणसाचं ऐकून घ्यायला हवं. साध्या भाकरीचं कौतुक सुरू झालं की काहींच्या कपाळावर आठी येते, आणि ती योग्य आहे. ज्यांच्या आजीने काम करून दारोदार शिळी भाकर मागितली, अंगणात लांब उभं राहून पदरात तुकडे झेलले, त्यांच्या घरात शिळ्या भाकरीची आठवण गोड नाही. त्यांच्या नातवाने पहिल्या पगारात पांढरा भात आणि श्रीखंड आणलं, त्याला मी दोष देणार नाही. ताक-भाकरीची गोडी त्यालाच सांगावी ज्याला ती नाकारायची मुभा आहे. म्हणूनच माझा आग्रह रेशनवर आहे, रानावर आहे, दराकडे आहे. घरात ज्वारीचं पोतं, विरजणाला दूध आणि चुलीपुढे दोन माणसं असली की मग कोणाला काय आवडतं ते ज्याचं त्याने ठरवावं. आज ठरवायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

"पोरंच भाकरी खात नाहीत", हे शेवटचं लटकं कारण. शाळेच्या पोषण आहारात पोरांना वर्षभर मिळतो मुख्यतः तांदूळ. खिचडी, पुलाव, भात. शाळेबाहेर टपरीवर पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. घरात भाकर संध्याकाळी, तीही कधीमधी. अशा पोराला भाकर आवडणार कधी? हुरड्याच्या दिवसांत कोवळं कणीस भाजून समोर धरा आणि मग सांगा पोरं ज्वारी खात नाहीत म्हणून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत देशातल्या रोगांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराचं असल्याचं म्हटलं आहे. हा आकडा पोरांच्या जिभेने तयार केलेला नाही. मोठ्यांनी ठरवलेल्या दरांनी, वाटलेल्या धान्याने आणि लटकवलेल्या पुड्यांनी तो तयार केला.

१ मेला ग्रामसभा असते. वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी भर उन्हाळ्यातली ती एकच. दरवर्षी तिथे रस्ते, गटारी आणि दिव्यांचे खांब यांवर वेळ जातो, आणि बायका मागच्या रांगेत पदराने वारा घेत बसतात. या वेळी मी चार ठराव लिहून नेणार आहे. रब्बीच्या मालदांडीला रब्बीच्या यादीत, तिच्या बाजारातल्या मानाला साजेसा हमी दर द्या आणि खरेदी केंद्र तालुक्यातच उघडा. ती ज्वारी गव्हाच्या जोडीने दर महिन्याला रेशनवर द्या. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून दोन दिवस ज्वारी असू द्या, आणि ती भाकर थापणाऱ्या बाईचं मानधन वाढवा. शाळेच्या फाटकाजवळची पुड्यांची टपरी हलवा. सह्यांचा कागद मी आताच फिरवायला घेतला आहे. ज्या घरी जाते तिथे आधी भाकर कोण थापतं ते विचारते आणि पहिली सही तिची घेते.